डोळे मिटले तरी पडणारे ठोकळे

नव्वदच्या दशकात वाढलेल्या मुलांपैकी अनेकांना ‘टेट्रिस’ हे नाव ठाऊक नव्हते; त्यांच्यासाठी तो ‘ब्रिक गेम’ होता. राखाडी पडद्याचा, पेन्सिल सेलवर चालणारा हा खेळ जत्रेत किंवा एसटी स्टँडबाहेरच्या दुकानात मिळे. खोक्यावर ‘९९९९ इन १’ असे ऐटीत छापलेले असे. प्रत्यक्षात खेळ मोजकेच, बाकी सगळे वेगाचे फरक. वरून ठोकळे पडणार, ते फिरवून बसवायचे, आडवी ओळ भरली की ती नाहीशी. ती मुले आज चाळिशीत आहेत आणि त्यांतले कितीतरी जण दिवसभराच्या धावपळीनंतर रात्री मोबाइलवर तोच खेळ उघडतात. घरच्यांना ते पोरकट वाटते, कधी व्यसनही वाटते. संशोधकांना मात्र या खेळाने तीस वर्षांहून अधिक काळ कामाला लावले आहे.

मॉस्कोतील विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाझित्नोव यांनी १९८४ मध्ये हा खेळ तयार केला. त्यांच्या यंत्रावर चित्रे काढण्याची सोय नव्हती, म्हणून पहिले ठोकळे कंसांच्या चिन्हांनी बनवले होते. आकार फक्त सात, प्रत्येकात चार चौकोन. १९८९ मध्ये निन्टेन्डोच्या ‘गेम बॉय’बरोबर तो जगभर गेला. आपल्याकडच्या जत्रेत आली ती त्याचीच स्वस्त नक्कल.

हा खेळ तासन्‌तास खेळलेल्या प्रत्येकाला एक अनुभव ओळखीचा असतो. अंथरुणावर पडून डोळे मिटले की ठोकळे पडायला लागतात. हार्वर्डमधील रॉबर्ट स्टिकगोल्ड आणि सहकाऱ्यांनी नेमके हेच तपासले आणि २००० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. २७ जणांना तीन दिवसांत सात तास टेट्रिस खेळायला लावले आणि झोप लागताना काय दिसते ते विचारले. बहुतेकांना ठोकळे दिसले. काही मुरलेल्या खेळाडूंना तर त्या दिवशी खेळलेले नव्हे, पूर्वी कधीतरी खेळलेल्या जुन्या आवृत्तीतले ठोकळे दिसले. मेंदूने ती चित्रे इतकी वर्षे जपून ठेवली होती.

या २७ जणांत पाच जण असे होते, की मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागाला इजा झाल्यामुळे नवी आठवण त्यांच्या मनात टिकतच नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांना खेळही आठवत नसे. तरीही पाचपैकी तिघांनी झोपेच्या उंबरठ्यावर पडणारे, फिरणारे आकार सांगितले. म्हणजे ‘मी काल काय केले’ ही आठवण एका वाटेने साठते आणि डोळ्यांना व हातांना झालेली सवय दुसऱ्या वाटेने. सायकल पुन्हा शिकावी लागत नाही, ती याच दुसऱ्या वाटेमुळे. वीस वर्षांनी ब्रिक गेम हातात आला, तरी अंगठा योग्य बटणावर जातो.

सवयीचा आणखी एक परिणाम रिचर्ड हायर यांनी १९९२ मध्ये दाखवला. तरुणांनी काही आठवडे सराव केल्यावर त्यांचे गुण सुमारे सातपट वाढले. मेंदूने खेळताना वापरलेले ग्लुकोज मात्र कमी झाले. जुना खेळ विसावा का देतो, याचे निदान एक कारण यात असावे. मात्र टेट्रिस खेळून बुद्धी वाढते किंवा म्हातारपणी विसरभोळेपणा टळतो, असे कुणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. टेट्रिसच्या सरावाने माणूस मुख्यतः टेट्रिसमध्येच तरबेज होतो.

मग तो विसावा कितपत खरा? कॅलिफोर्निया विद्यापीठातील केट स्वीनी यांच्या गटाने काही विद्यार्थ्यांना, इतर जण तुमच्या दिसण्याला गुण देत आहेत, असे सांगून ताटकळत ठेवले आणि दरम्यान टेट्रिस दिला. ज्यांचा खेळ फार सोपा किंवा फार अवघड होता, त्यांची घालमेल तशीच राहिली. ज्यांना कुवतीइतका वेग मिळाला, त्यांना ती वाट पाहणे त्यांच्या मानाने सोपे गेले. ऑपरेशन थिएटरबाहेर बाकावर बसलेला मुलगा मोबाइलवर ठोकळे लावताना दिसला, की नातेवाईक त्याच्याकडे रागाने बघतात. त्याला काळजी नाही, असा अर्थ त्यातून काढू नये.

व्यसनाचे काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे. ते वर्गीकरण २०२२ पासून लागू झाले. पण एखादा खेळ वर्षानुवर्षे आवडणे हा त्याचा निकष नाही. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सगळ्या गोष्टी मागे पडणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, असे साधारण वर्षभर चालले तर ते निदान होते. रोजची अर्धा तास करमणूक त्यात बसत नाही. झोप, नोकरी, संसार यांवर पाणी सोडून चाललेला खेळ मात्र बसू शकतो, मग तो कितीही जुना आणि निरागस असो.

या खेळाचा सर्वांत गंभीर उपयोग अपघात विभागात तपासला गेला. भीषण अपघातातून वाचलेल्याला तो क्षण पुन:पुन्हा डोळ्यांसमोर दिसतो, समोरून येणारा ट्रक, फुटणारी काच. ही आठवण मुख्यतः चित्रांची असते आणि ती पक्की व्हायला काही तास लागतात. त्या वेळात मनातली चित्रांची जागा दुसऱ्याच चित्रांनी अडवली तर? एमिली होम्स यांच्या गटाने आधी प्रयोगशाळेत क्लेशदायक दृश्यांची फिल्म दाखवून हे पाहिले. टेट्रिसने त्रास कमी झाला. शब्दांच्या प्रश्नमंजूषेने झाला नाही. मग ऑक्सफर्डच्या रुग्णालयात वाहन अपघातातील ७१ रुग्ण घेतले. अपघातानंतर सहा तासांच्या आत काहींना आधी तो प्रसंग थोडक्यात आठवायला सांगून सुमारे २० मिनिटे टेट्रिस दिला. इतरांनी त्या वेळात काय काय केले याची नोंद लिहिली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, खेळलेल्यांना पुढच्या आठवड्यात अशी दृश्ये ६२ टक्क्यांनी कमी दिसली.

अभ्यास लहान होता आणि हा फरक पहिल्या आठवड्यातला आहे. शिवाय नुसता खेळ हातात दिला, असे तिथे झाले नव्हते; प्रसंग आठवणे, मग खेळणे, हा क्रम प्रशिक्षित व्यक्तीने सांभाळला होता. डोक्याला मार लागलेल्या, ग्लानीत असलेल्या रुग्णाच्या हातात मोबाइल देणे हा त्याचा अर्थ नव्हे. अपघाताला महिना उलटल्यावरही दृश्ये दिसत असतील, दचकून जाग येत असेल, गाडीत बसण्याची भीती वाटत असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवावे. त्यावर औषधे आणि समुपदेशनाचे उपचार आहेत आणि सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करून मराठीतही बोलता येते.