वाशीम जिल्ह्यात माफक दरात चांगले जेवण कोठे मिळते?

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन वाशीम हा स्वतंत्र जिल्हा झाला. तेव्हापासून जिल्हाधिकारी कार्यालय, न्यायालय आणि जिल्हा रुग्णालय यांच्या निमित्ताने सहाही तालुक्यांतील माणसांची या शहरात रोज ये-जा असते. आपल्या अमरावती धर्मप्रांतातील भाविकही त्यांत असतात. कोणी रुग्णाला भेटायला येतो, कोणी दाखल्यासाठी, कोणी सोयरिकीच्या बोलणीसाठी. घरून निघताना आपण गाडीभाड्याचा हिशेब करतो, जेवणाचा मात्र करीत नाही, आणि खिशाला चाट बसते ती नेमकी तेथेच. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

प्रथम आमचीच फजिती सांगतो. एका मे महिन्यात आम्ही पाच जण, त्यांत दोघे वयोवृद्ध, दुपारी साडेतीनच्या सुमारास वाशीमला उतरलो. दोन खानावळींत विचारले, तर भांडी घासून पालथी घातलेली होती. वृद्धांना चक्कर येईल या भीतीने आम्ही जवळच्या एका झगमगीत हॉटेलात शिरलो. दरपत्रक मागण्याचा संकोच वाटला. गार झालेली पोळी आणि तेलात तरंगणारी भाजी खाऊन जे देयक हाती आले, त्यात घरच्या आठवड्याभराच्या भाजीपाल्याचा खर्च भागला असता. दोष हॉटेलाचा थोडा आणि आमचा अधिक होता, कारण खानावळीचे घड्याळ आम्हांला ठाऊक नव्हते.

वऱ्हाडातील खानावळीत चूल दोनदाच पेटते. सकाळचा स्वयंपाक साधारण अकरा ते दोन या वेळेत वाढला जातो आणि रात्रीचा सात ते नऊ. मधल्या वेळेत मिळतो तो केवळ नाश्ता: आलुबोंडा, कचोरी, पोहे, चहा. तेव्हा कचेरीतील काम एक वाजेपर्यंत उरकले नाही, तर ते तसेच ठेवून आधी जेवून घ्यावे. कचेरीतही त्या सुमारास जेवणाची सुट्टीच असते.

आता खानावळ निवडायची कशी? नावावरून अथवा पाटीवरून काही कळत नाही. आत कोण जेवत आहे ते पाहावे. महिन्याचे पैसे भरून रोज जेवणारे सभासद ज्या खानावळीत आहेत, म्हणजे एकटे राहणारे शिक्षक, बँकेतील कर्मचारी, शिकणारी मुले, तेथे निर्धास्तपणे बसावे. रोजच्या जेवणाऱ्याला शिळी भाजी वाढून चालत नाही. तो दुसऱ्या महिन्यापासून येणे बंद करतो. याउलट बसस्थानकाच्या तोंडाशी किंवा महामार्गालगत असलेल्या हॉटेलाला आजचा गिऱ्हाईक उद्या दिसणारच नसतो. सगळीच तशी असतात असे आम्ही म्हणत नाही, पण त्यांच्यावर धाक कोणाचाच नसतो.

हीच गोष्ट रोमलाही लागू पडते. २०२५ च्या पवित्र वर्षानिमित्त तेथे जाऊन आलेल्या यात्रेकरूंना ती पटेल. संत पेत्राच्या महामंदिरासमोरच्या रस्त्यांवरील भोजनगृहे एकदाच येणाऱ्या पाहुण्यांवर चालतात. तेथून थोडे चालून प्राती या वस्तीत गेले, की न्यायालयातील व कचेऱ्यांतील रोमकर दुपारचे जेवण घेताना दिसतात. कॉफीही उभ्याने घेतली तर स्वस्त पडते, बसून घेतली तर बहुधा महाग. वाशीमला हा भेद नाही, चहा उभ्याने घ्या नाहीतर बसून!

खानावळीत बसल्यावर काय मागावे? ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, वांग्याची भाजी, पिठले, ठेचा. तूर आणि ज्वारी ही याच मातीतील पिके, त्यामुळे हे पदार्थ ताजे आणि स्वस्त मिळतात. पाटवडीचा रस्सा मिळाला तर तो सोडू नये, मात्र तिखट सोसत नसेल तर आधीच सांगावे. थंडीच्या दिवसांत वांग्याचे भरीत मागावे. पनीरचे पदार्थ या भागात का मागवावेत, हे आम्हांला अद्याप उमगलेले नाही. शुक्रवारी व प्रायश्चित्तकाळात मांस वर्ज्य करणाऱ्या आपल्या भाविकांना तर येथे काही शोधावेच लागत नाही. बसण्यापूर्वी थाळी मर्यादित आहे की हवे तितके वाढतात, एवढे मात्र अवश्य विचारावे. विचारण्यात कमीपणा काही नाही. मोठ्या हॉटेलात देयकावर सेवाशुल्क लावलेले दिसले, तर ते देणे ऐच्छिक आहे हे ध्यानात असू द्यावे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसे स्पष्ट केले आहे.

ज्यांच्या हातात अगदीच थोडे पैसे असतात, त्यांच्यासाठी राज्य शासनाने २६ जानेवारी २०२० रोजी शिवभोजन योजना सुरू केली. दहा रुपयांत दोन पोळ्या, एक वाटी भाजी, वरण आणि भात, असे तिचे स्वरूप ठरले. थाळी दुपारच्या ठरावीक वेळेत मिळते आणि थाळ्यांची संख्याही ठरलेली असते, म्हणून लवकर जावे. अनुदान रखडल्यामुळे केंद्रचालक अडचणीत आल्याच्या बातम्या अलीकडे येत राहिल्या आहेत. तेव्हा केंद्र चालू आहे ना, याची आधी चौकशी करावी. रुग्णाजवळ दिवसचे दिवस बसणाऱ्या नातेवाइकाला या दहा रुपयांचे मोल विचारावे.

रेल्वेने येणाऱ्यांनाही एक सोय माहीत असावी. अकोला ते पूर्णा हा मार्ग २००८ मध्ये ब्रॉडगेज झाला आणि वाशीम दूरच्या गाड्यांना जोडले गेले. रेल्वेने २०२३ मध्ये निवडक स्थानकांवर सर्वसाधारण डब्यांसमोर स्वस्त जेवणाची विक्री सुरू केली: वीस रुपयांत सात पुऱ्या, बटाट्याची भाजी व लोणचे. लहान स्थानकांवर ते मिळेलच असे धरून चालू नये.

तीर्थक्षेत्रांची गोष्ट वेगळी. कारंजा हे श्री नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान, तर शिरपूर हे जैनांचे अंतरिक्ष पार्श्वनाथाचे क्षेत्र. अशा ठिकाणी यात्रेकरूंच्या भोजनाची व्यवस्था संस्थाने करतात, पण ती त्यांच्या भाविकांसाठी असते. आपण पाहुणे म्हणून जाणार असू, तर व्यवस्थापकांना आधी विचारावे आणि तेथील नियम पाळावेत. जैन भोजनशाळेत सूर्यास्तानंतर वाढत नाहीत, कांदा-लसूण-बटाटा नसतो, आणि पानात टाकणे अनुचित समजतात. आपल्या परंपरेलाही यात्रेकरूंना जेवू घालणे नवे नाही. संत फिलिप नेरी यांनी रोममध्ये स्थापिलेल्या बंधुसंघाने १५५० च्या पवित्र वर्षात दूरदूरच्या गरीब यात्रेकरूंची राहण्या-जेवण्याची सोय केली होती. पोहरादेवीला रामनवमीच्या यात्रेत मात्र गर्दी अफाट असते; त्या दिवसांत मानोरा परिसरात काम असेल तर घरूनच जेवून निघालेले बरे.

नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि तो याच जिल्ह्यातून जातो. आरंभी त्यावर खाण्यापिण्याची सोय जवळजवळ नव्हतीच. आमचा सल्ला असा, की भूक लागली तर कारंजा किंवा शेलूबाजार येथे खाली उतरावे आणि गावात जेवावे. पथकर कापलेल्या अंतरावर आकारला जातो, त्यामुळे उतरल्याने फारसे बिघडत नाही.

पाण्याविषयी मात्र हयगय नको. रोममध्ये १८७४ पासून रस्तोरस्ती पिण्याच्या पाण्याचे नळ वाहत आहेत. आपल्याकडे उन्हाळ्यात पाणपोया लागतात, पण पाणी कोठले ते दर वेळी कळत नाही. घरचे उकळलेले पाणी सोबत असावे. आणि जमल्यास दशम्याही. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या प्रवासात चांगल्या टिकतात. पुष्कळशा साध्या खानावळींतून नुसती भाजी किंवा वरण विकत मिळते. आपल्या दशम्या सोडून तेथे बसू देतात का, एवढे मालकाला विचारावे. आम्ही विचारतो, आणि बहुतेक वेळा सोबत कांदा व ठेचा न मागता येतो.