७२ महिन्यांचे टपाल

वेबमेल म्हणजे सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर राहणारे आणि ब्राउझर उघडून वाचायचे टपाल. हेच टपाल थंडरबर्ड किंवा आउटलुकसारख्या प्रोग्रॅममध्ये आपल्या संगणकावर उतरवून घेता येते. ही सोय कुणाला लागते, ते भिवंडीच्या गोदामांत चांगले कळते.

भिवंडी तालुक्यात माणकोली, पूर्णा, काल्हेर, राहनाळ या गावांच्या हद्दीत गोदामांच्या रांगा आहेत. यंत्रमागाच्या भिवंडीत आता देशभरचा माल उतरतो आणि चढतो. आत कोऱ्या पुठ्ठ्याचा आणि चिकटपट्टीचा वास, धक्क्याला लागलेला ट्रक आणि कोपऱ्यातल्या प्लायवुडच्या केबिनमध्ये डिस्पॅच क्लार्क. पार्टीची ऑर्डर त्याच्याकडे मेलने येते. बिल आणि ई-वे बिलाची पीडीएफ मेलनेच जाते. माल पोचला की सही-शिक्क्याची पावती, म्हणजे पीओडी, स्कॅन होऊन मेलने परत येते. पार्टीगणिक खाती वेगळी, म्हणून ब्राउझरमध्ये एकातून बाहेर पडून दुसऱ्यात शिरण्यातच त्याचा वेळ जातो. जुने मेल का जपायचे, याला त्याचे उत्तर एका आकड्यात असते: ७२ महिने. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून तेवढा काळ हिशेबाची कागदपत्रे सांभाळावी लागतात.

सुरुवातीला वेबमेल बाहेर काढणे अवघड होते. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ रोजी हॉटमेल सुरू केले, पुढच्याच वर्षाअखेर ते मायक्रोसॉफ्टने घेतले. खाते मोफत, जागा २ एमबी. उत्पन्न पानावरच्या जाहिरातींचे, त्यामुळे ग्राहकाने पान न उघडता मेल वाचणे कंपन्यांना परवडत नव्हते. याहूने एप्रिल २००२ मध्ये पॉपची, म्हणजे टपाल प्रोग्रॅममध्ये उतरवून घेण्याची, सोय पैसे भरणाऱ्यांपुरती ठेवली. हॉटमेल आउटलुक एक्स्प्रेसमध्ये दिसत असे, पण २००४ पासून तीही सोय मोफत खात्यांना मिळेनाशी झाली.

या अडचणीतून मधल्या दुव्याची सॉफ्टवेअर निघाली: याहूपॉप्स, हॉटमेल पॉपर, फ्रीपॉप्स, थंडरबर्डला जोडायचे वेबमेल एक्स्टेंशन. त्यांची रीत साधारण एकच. दुवा वापरणाऱ्याच्याच संगणकावर, १२७.०.०.१ या पत्त्यावर, पॉप सर्व्हर बनून बसे. मेल प्रोग्रॅमने टपाल मागितले की तो वेबसाइटवर लॉगइन करी, पानाच्या कोडमधून पाठवणारा, विषय आणि मजकूर वेचून काढी आणि त्याचा पुन्हा मेल बांधून देई. कंपनीने पानाची मांडणी बदलली की दुवा तुटे, आणि तो बहुधा हौसेने काम करणारे प्रोग्रॅमर पदरमोड करून दुरुस्त करत. डायल-अपच्या काळात या कामाचे मोल मोठे होते. फोन जोडायचा, सगळे टपाल उतरवायचे, फोन तोडायचा आणि मग मीटरची चिंता न करता वाचायचे. धोका एकच, पण गंभीर: खात्याचा पासवर्ड तिसऱ्याच्या प्रोग्रॅमच्या हाती द्यावा लागे.

१ एप्रिल २००४ रोजी जीमेल १ जीबी जागा घेऊन आले. त्याच वर्षी त्यात पॉप मोफत मिळाले आणि २००७ मध्ये आयमॅप. हॉटमेलनेही २००९ मध्ये पॉप खुले केले. दुव्यांची गरज ओसरली.

पॉप आणि आयमॅप यांतला फरक गोदामात नीट समजून घ्यावा लागतो. पॉप मेल उतरवून घेते, आणि 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही खूण नसेल तर मूळ प्रत पुसते. मग दिवसपाळीच्या संगणकाने ओढलेली ऑर्डर रातपाळीच्या माणसाला दिसतच नाही. आयमॅप हा सर्व्हरचा आरसा आहे. सगळ्या संगणकांवर एकच चित्र दिसते, पण एका जागी पुसलेले सगळीकडून जाते. गूगलच्या मोफत खात्याची १५ जीबी जागा पीओडीच्या स्कॅनांनी भरत येते, कुणीतरी जुने मेल पुसतो, आणि प्रोग्रॅममधूनही ते नाहीसे होतात. ७२ महिन्यांचा हिशेब नेमका इथे तुटतो.

लॉगइनची रीतही बदलली आहे. गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या पासवर्डवर चालणारे प्रोग्रॅम बंद केले, मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२४ मध्ये. आता ओऑथ पद्धतीत ब्राउझरची खिडकी उघडते, तिथे परवानगी दिली की प्रोग्रॅमला पासवर्डऐवजी टोकन मिळते. जुन्या प्रोग्रॅमसाठी गूगल १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड देते, त्याआधी द्विस्तरीय पडताळणी चालू करावी लागते. दुव्यांच्या काळातला धोका यामुळे बराच कमी झाला. मात्र खाते शेठच्या मोबाइलला जोडलेले असेल, तर ओटीपी येईपर्यंत क्लार्कला ट्रक अडवून बसावे लागते.

विंडोजबरोबर येणारा मेल हा प्रोग्रॅम ३१ डिसेंबर २०२४ ला संपला. त्याच्या जागी आलेला नवा आउटलुक जीमेलसारख्या खात्यांचे टपाल मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडशीही जुळवून घेतो. ज्याला प्रत स्वतःच्या डिस्कवर हवी, त्याला थंडरबर्ड अधिक सोयीचे. त्यातल्या 'लोकल फोल्डर्स'मध्ये नकलून ठेवलेला मेल सर्व्हरवर पुसला तरी राहतो आणि नेट नसतानाही उघडतो. शिवाय मेल स्क्रीनशॉटसारखा मुका होत नाही, तो कोणत्या सर्व्हरवरून कधी आला याची नोंद त्याच्याबरोबर राहते. वाद कोर्टात गेला, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते.

माल कमी पोचल्याची डेबिट नोट कधीकधी वर्षभराने येते, आणि पहिला जाब केबिनमधल्या क्लार्कलाच विचारला जातो. त्याच्या बाजूने बोलणारा पुरावा म्हणजे तो एक जुना मेल. म्हणून गोदाममालकांनी खाती आयमॅपने जोडावीत, महिनाअखेरीला सगळे टपाल लोकल फोल्डरमध्ये नकलून घ्यावे, त्याची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावी आणि या कामासाठी क्लार्कला पाळीतलाच वेळ द्यावा. ७२ महिन्यांची जबाबदारी कायद्याने व्यवसायावर टाकली आहे, ती एकट्या क्लार्कच्या माथी मारणे योग्य नाही.