संगणक सुरू होईना, तर काय करावे?

नारायणगाव असो, मंचर असो की घोडेगाव असो, आता संगणकावाचून गावाचे पान हलत नाही. दाखला काढायचा, तर संगणक. दूधसंस्थेचा हिशेब, तोही संगणकात. पण एखाद्या सकाळी बटण दाबावे आणि काळ्या पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरे यावीत, की सर्वांचे धाबे दणाणते. "यंत्र मेले, हिशेब बुडाला!" अशी ओरड होते. मंडळी, घाई करू नका. कुलूप बिघडले म्हणून घरातले धान्य नासत नाही.

आधी यंत्र जागे कसे होते ते पाहू. बटण दाबताच आतल्या चिपमधला एक छोटा प्रोग्रॅम उठतो. त्याला आम्ही शाळेचा शिपाई म्हणतो. शिपाई सकाळी आधी येतो, दारे उघडतो, बाके पाहतो. मग शाळा भरते. तसा हा शिपाई कीबोर्ड, डिस्क जागेवर आहेत का ते पाहतो. मग विंडोजसारख्या मुख्य प्रोग्रॅमला हाक मारतो. तो कोठे शोधायचा, ह्याची यादी शिपायाजवळ असते. यादीत पेन ड्राइव्ह पहिला असेल आणि कोणी तो लावून ठेवला असेल, तर काही यंत्रे तेथेच अडतात. पेन ड्राइव्ह काढा आणि यंत्र पुन्हा सुरू करा. पुष्कळदा एवढ्यानेच काम भागते.

ही यादी बदलता येते. यंत्र उठता उठता डिलीट किंवा एफ-२ ही कळ दाबावी. कंपनीप्रमाणे कळ निराळी असते. तेथे डिस्कचे नाव पहिले ठेवावे. जे समजत नाही, त्याला हात लावू नये.

यंत्र रोज तारीख विसरते का? मग आतला नाण्याएवढा सेल संपला असे समजा. तारीख चुकली, की सरकारी संकेतस्थळेही नीट उघडत नाहीत. सेल बदलला, तारीख लावली, की झाले.

आपल्याकडे लाइट अचानक जाते. मग डिस्कवरचे लिखाण अर्धवट राहते. लागोपाठ दोन-तीनदा सुरुवात फसली, तर विंडोज १० आणि ११ आपण होऊन दुरुस्तीचे पान दाखवते. तेथे 'स्टार्टअप रिपेअर' निवडा. न जमल्यास 'सेफ मोड' घ्या. त्यात यंत्र गरजेपुरतेच प्रोग्रॅम घेऊन उठते. खोडी काढणारा नवा प्रोग्रॅम मग काढून टाकता येतो.

हे संकट मोठमोठ्यांवरही येते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक ह्या कंपनीने आपल्या सुरक्षा-प्रोग्रॅमसाठी एक सदोष फाइल धाडली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने जगातली सुमारे ८५ लाख यंत्रे अडली. आपल्या देशात विमानाच्या प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. उपाय काय निघाला? सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल पुसायची. डिस्क कोरी करण्याची गरज नव्हती. मात्र ज्या यंत्रांना बिटलॉकरचे कुलूप होते, तेथे ४८ आकड्यांची किल्ली लागली. तुमच्या यंत्राला असे कुलूप असेल, तर किल्ली आजच वहीत लिहून ठेवा.

आता मुद्द्याची गोष्ट. कोणी म्हणाला, "फॉरमॅट मारून देतो," तर आधी त्याला विचारा, "नक्कल काढली का?" फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणे. सातबारा सरकारच्या मोठ्या संगणकात असतो. तो पुन्हा मिळेल. पण दूधसंस्थेचा किंवा बचत गटाचा हिशेब आपल्या एकाच यंत्रात असला, तर तो गेलाच समजा. मग कोणाचे किती लिटर आणि कोणाचे किती देणे, ह्यावर भाऊबंदांत भांडणे लागतील. यंत्र उठत नसले, तरी डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडता येते आणि नक्कल घेता येते. डिस्क टकटक आवाज करत असेल, तर मात्र यंत्र बंद करा आणि जाणत्याकडे न्या.

पडद्यावर आलेली अक्षरे जशीच्या तशी वहीत उतरवा. दुरुस्त करणाऱ्याला ती दाखवा. आणि दर आठवड्याला हिशेबाची नक्कल निराळ्या डिस्कवर घेऊन ती दुसऱ्या घरी ठेवा.