बामणोली ते सांगली, व्हाया आजीचं माहेर

पाच दिवस, एक सायकल आणि वाटेत लागणारं पाणीच पाणी. सातारा-सांगलीच्या जलाशयांच्या काठानं मारलेली ही रपेट फक्त फोटोंसाठी नव्हती. एक बाटली भरून आणायची होती.

ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये गुरुवारी ‘वीकएण्डला कुठं?’ हा प्रश्न निघाला की उत्तरं ठरलेली. लोणावळा, अलिबाग, नाहीतर महाबळेश्वरला जाऊन स्ट्रॉबेरी क्रीम. या वेळी मी म्हटलं, ‘आजीच्या माहेरी.’ सगळे हसले. ‘ते पाण्याखाली आहे,’ असं सांगितल्यावर मात्र गप्प झाले.

आमच्या आजीचं माहेर कोयनेच्या खोऱ्यातलं. लग्न होऊन ती सांगलीला आली आणि दोन-तीन वर्षांत धरणाचं पाणी गावात शिरलं. भावांना जमीन मिळाली ती थेट सोलापूर जिल्ह्यात. त्यामुळे ‘माहेरी जाते’ असं म्हणायला आजीला जागाच उरली नाही. मागे एकदा माझ्या हातातला मोबाइल बघून तिनं विचारलं होतं, “माजं गाव दिसंल का रं ह्यात?” मी नकाशा उघडून दाखवला. दिसला तो नुसता निळा रंग.

गेल्या वर्षी तिचं खुब्याचं हाड मोडलं. आता तिला प्रवास झेपत नाही. मी सायकलनं तिकडं निघालोय म्हटल्यावर तिनं एवढंच सांगितलं, “येताना तांब्याभर पानी आन तितलं.”

पहिला दिवस : सातारा ते बामणोली

दिवाळीनंतरचा आठवडा. पाऊस संपलेला, जलाशय भरलेले आणि हवेत छान गारवा. सायकल टूरसाठी याहून भारी मोसम नाही. सोबतीला ऑफिसातला एक मित्र होता. त्याची सायकल माझ्यापेक्षा महाग, स्टॅमिना माझ्यापेक्षा कमी. म्हणजे जोडी बरोबर जमली.

सकाळी सहाला साताऱ्याच्या समर्थ मंदिर चौकातून निघालो. लगेच यवतेश्वरचा घाट सुरू. सातारा शहर साधारण ७४० मीटर उंचीवर आहे आणि कासचं पठार १२०० मीटरच्या आसपास. म्हणजे नाश्ता पचायच्या आत साडेचारशे मीटर चढायचं. सगळ्यात हलका गिअर टाका, मान खाली घाला आणि पॅडल मारत राहा. इथं हीरोगिरी चालत नाही.

पण घाट संपला की रस्ता डोंगराच्या धारेवरून जातो आणि तिथं सगळी मेहनत वसूल होते. उजवीकडं खाली वेण्णा नदीवरचं कण्हेर धरण, डावीकडं उरमोडीचं. दोन्हीकडं पाणी, मधून आपण. गाडीतून हे दिसतं, पण दिसेपर्यंत मागे पडतं. सायकलवर ते तासभर आपल्यासोबत चालतं.

कासची फुलं सप्टेंबर-ऑक्टोबरमधली. आम्ही गेलो तेव्हा पठार पिवळट पडलं होतं. तरीही सांगून ठेवतो, पठारावर सायकल घालू नका. २०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हटलं, त्यात कासही आहे. त्या कातळावरचा मातीचा थर बोटभर जाडीचा असतो आणि तेवढ्यावरच ती फुलं येतात. पुढं कास तलावाशी थांबलो. सातारकर पिढ्यान् पिढ्या याच तलावाचं पाणी पितात.

मग बामणोलीचा उतार. ब्रेक चांगले असतील तरच जा! वळणावळणानं खाली उतरताना झाडांमधून शिवसागर दिसायला लागतो. सुमारे पन्नास किलोमीटर लांबीचा हा जलाशय, डोंगरांच्या प्रत्येक फटीत शिरलेला. मित्र म्हणाला, “अरे, हे तर स्वित्झर्लंड!” मी काहीच बोललो नाही.

‘व्ह्यू’ म्हणजे काय?

रात्री ज्यांच्या घरी उतरलो त्या काकांनी तांदळाची भाकरी आणि झणझणीत रस्सा वाढला. जेवणानंतर अंगणात बसलो. समोर चांदण्यात पाणी चमकत होतं. मित्र पुन्हा म्हणाला, “काका, काय व्ह्यू आहे तुमच्याकडे!”

काका हसले. “तुमी ज्याला व्ह्यू म्हन्ता, त्ये आमचं श्यात हाय.”

मग त्यांनी सांगितलं. चांगली भातखाचरं होती ती सगळी तळाला, नदीच्या कडेला. पाणी आलं तशी काही घरं खोरं सोडून लांब गेली, काही काठाकाठानं वर सरकली. काकांचं घर सरकलेल्यांपैकी. मे महिन्यात पाणी उतरलं की जुन्या घरांची जोती उघडी पडतात. पलीकडच्या काठावर आता सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचं जंगल आहे. वासोट्याला जायचं तर वन खात्याची परवानगी काढून लाँचनं पाणी ओलांडावं लागतं.

मी आजीच्या गावाचं नाव सांगितलं. काकांनी हात लांब करून अंधारात एक दिशा दाखवली. “त्या सोंडंच्या खाली.”

पहाटे उठून काठावर गेलो. एक लिटरची स्टीलची बाटली भरली, झाकण घट्ट लावलं आणि कॅरिअरच्या बॅगेत कपड्यांच्या घडीत ठेवली.

दुसरा-तिसरा दिवस : पवनचक्क्या आणि तहान

दुसऱ्या दिवशी तोच घाट उलटा चढून कास, तिथून सातारा, मग बोगद्यातून सज्जनगडाच्या पायथ्यानं ठोसेघर. साठेक किलोमीटर आणि दोन मोठे चढ. मांड्यांचं पार पीठ झालं. त्याबद्दल जास्त न बोललेलं बरं.

तिसऱ्या दिवशीचा रस्ता मात्र आयुष्यभर लक्षात राहील. ठोसेघरहून चाळकेवाडी, तिथून सडावाघापूरच्या बाजूनं पाटण. उघडं पठार, जिकडं बघाल तिकडं पवनचक्क्या आणि समोरून येणारा वारा. उतारावरसुद्धा पॅडल मारावं लागत होतं. सावली नाही, टपरी नाही. अकराच्या सुमाराला आमच्या चारही बाटल्या संपल्या.

चार संपल्या, पण पाचवी बॅगेत होती. मित्राला ते माहीत होतं. तो त्या बॅगेकडे बघायचा आणि मी रस्त्याकडे. अर्ध्या तासानं तो म्हणाला, “आजीला काय कळणार आहे? कराडला पुन्हा भरू.” खरं सांगतो, पाच मिनिटं मलाही ते पटलं होतं. सायकल थांबवून मी बॅगेच्या चेनला हातही लावला होता.

तेवढ्यात वळणावर एक घर दिसलं. दारातल्या मावशींनी आमच्याकडे एकदा बघितलं आणि काही न विचारता कळशी, तांब्या आणि गुळाचा खडा आणून ठेवला. “एवढ्या उनाचं कशापायी वो हिंडताय?” या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे नव्हतं.

संध्याकाळी कोयनानगर. धरणाची भिंत १०३ मीटर उंच. १९५६ मध्ये काम सुरू झालं, १९६४ मध्ये पूर्ण झालं. आज साठवण क्षमता १०५ टीएमसी आणि वीज प्रकल्प १९६० मेगावॅटचा. माझ्या ऑफिसचा एसी, लॅपटॉप, कॅन्टीनमधलं कॉफी मशिन, सगळं ज्या ग्रीडवर चालतं त्यात या पाण्याचा वाटा आहे. याच गावानं ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंपही सोसला. सुमारे पावणेदोनशे माणसं गेली. आणि धरणग्रस्तांचं म्हणाल, तर २०१८ मध्येही श्रमिक मुक्ती दलाच्या नेतृत्वाखाली ते इथं ठिय्या देऊन बसले होते. धरण पूर्ण होऊन ५४ वर्षं झाली होती, मागण्या त्याच होत्या : जमीन आणि पुनर्वसन.

चौथा-पाचवा दिवस : पाण्याच्या मागोमाग

कोयनानगर ते कराड हा आरामाचा दिवस. साठेक किलोमीटर, बराचसा हलका उतार आणि बाजूनं कोयना नदी. ट्रक तेवढे सांभाळा. कराडला प्रीतिसंगमावर कोयना आणि कृष्णा अगदी समोरासमोर येऊन भेटतात आणि मग एक होऊन वळतात. यशवंतराव चव्हाणांची समाधी इथंच आहे. दुसऱ्या दिवशी सागरेश्वरच्या बाजूनं जाताना त्यांचं जन्मगाव देवराष्ट्रेही लागलं. मग पलूस, औदुंबरचा दत्त, उसाचे फड, द्राक्षबागा आणि सांगली. सत्तरच्या आसपास किलोमीटर, तेही सपाट. पाच दिवसांत पहिल्यांदाच मित्र माझ्या पुढं होता.

आजी दारातच खुर्ची टाकून बसली होती. मी बाटली काढून तिच्या हातात दिली. पठारावरचा किस्साही सांगितला, बॅगेच्या चेनला हात लावल्यासकट. तिनं झाकण उघडलं, ओंजळीत थोडं पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “प्यायचं हुतंस की बाळा. तहानल्याला नाय म्हनू ने.”

“पण मग तुला काय आणलं असतं?”

“आरं, कोयना कराडात किस्नंला मिळती आन् किस्ना हितं येती. म्हायेरचं पानी साठ वर्सं झाली, रोज येतंय नळाला.” मग घरातल्या भिंतीवरच्या डागाकडं बोट केलं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ असताना. तेव्हाची ती खूण. “त्या साली तर घरात यिऊन भेटून गेलं.”

बाटली आता तिच्या देवघरात आहे.

तुम्ही जाणार असाल तर...

कधी : नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जून ते सप्टेंबरमध्ये घाटात धुकं आणि निसरडं. फुलांच्या मोसमात कासला जायचं तर आधी बुकिंग करा.
सायकल : गिअरची हायब्रिड किंवा एमटीबी. निघण्याआधी ब्रेक पॅड बदला. दोन जादा ट्यूब, पंप आणि चेन जोडायचं टूल हवंच.
पाणी : चाळकेवाडीच्या पठारावर माणशी किमान तीन लिटर.
कमी वेळ असेल तर : सातारा-कास-बामणोली आणि परत, दोन दिवसांत होतं.
एक दिवस जास्त असेल तर : कराडहून शेडगेवाडी, आरळामार्गे वारणावती. वारणेवरचं चांदोली धरण तिथंच आहे. तिथली गावंही उठून वाळवा, मिरज तालुक्यांत गेली आहेत.
खायला : साताऱ्यात कंदी पेढे, सांगलीत भडंग.
आणि हो : काठावर कुणी म्हातारं माणूस दिसलं तर सायकल थांबवा. गाव कुठं होतं, ते विचारा.