बाळसे कुठे धरते?

घरी नवे बाळ आले की पाहायला येणाऱ्या बायका पाळण्यात डोकावून दोनच वाक्ये बोलतात. एक मोठ्याने: ‘बाळसं छान धरलंय हो!’ दुसरे आवाज जरा खाली आणून: ‘अंगी काही लागत नाही अजून.’ रोपटे मूळ धरते तसे मूल बाळसे धरते, असे आपली भाषा म्हणते. मूळ मातीखाली असते, ते दिसत नाही. बाळसे मात्र गालांवर आणि मांड्यांच्या वळ्यांवर दिसते, आणि दिसते तेवढेच ते असते अशी आपली समजूत झाली आहे. गेल्या काही दशकांत डॉक्टरांनी जे शोधून काढले ते पाहिले तर वाटते, खरे बाळसेही मुळासारखे आतच धरते आणि त्याचे फळ पन्नाशीत हाती येते.

हे समजून घ्यायला आपल्या राज्याच्या अगदी पूर्वेच्या टोकाला, भामरागडला जाऊ या. १९८२ साली चांदा म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा निघालेला गडचिरोली जिल्हा, त्यातला हा छत्तीसगडला लागून असलेला तालुका. इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या तीन नद्या येथे भेटतात. वस्ती मुख्यतः माडिया लोकांची. रान उदार आहे. मोह, चारोळी, कंदमुळे, नदीतले मासे देते. पण पावसाळा आला की जुने धान्य संपत आलेले असते, नवे अजून शेतात असते, नद्यांचे पूर वाटा अडवतात, आणि त्याच दिवसांत चिखलात वाकून धानाची रोवणी करायची असते. रोवणी करणारीच्या पोटात बाळ असेल तर तिला खायला कमी आणि कष्ट जास्त. त्यात मलेरियाची भर. गरोदर बाईला मलेरिया झाला तर तिचे रक्त कमी होते आणि बाळाचे वजनही घटते.

भामरागडच्या शेजारी हेमलकसा येथे बाबा आमट्यांनी १९७३ च्या डिसेंबरात लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे या दांपत्याने तेथे दवाखाना थाटला तेव्हा वीज नव्हती, धड रस्ता नव्हता. तो दवाखाना कसा वाढला हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. याच जिल्ह्यात, पण भामरागडपासून पुष्कळ दूर, गडचिरोलीच्या बाजूला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था काढली. त्यांनी गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायांना नवजात बाळाचे वजन करणे, त्याला ऊबदार ठेवणे, जंतुदोष ओळखून औषध देणे शिकविले. ३९ गावांतल्या या प्रयोगाचा वृत्तान्त १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. जन्मानंतरच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांत होणारे बालमृत्यू, शेजारच्या गावांशी ताडून पाहता, ६२ टक्क्यांनी उतरले होते. त्याच गावांत असेही आढळले, की शंभरांतली चाळीसहून अधिक बाळे अडीच किलोच्या आतलीच जन्मतात.

ही बाळे वाचली, हे फार मोठे काम झाले. पण वाचलेल्या बाळाचे पुढे काय होते?

याचे उत्तर अनपेक्षित जागी मिळाले. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर परगण्यात एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या आरोग्य-निरीक्षक बाई होत्या. त्यांच्या हाताखालच्या परिचारिका १९११ पासून प्रत्येक बाळाचे जन्माचे वजन आणि पहिल्या वाढदिवसाचे वजन खातेवहीत टिपून ठेवीत. अनेक दशकांनी डॉ. डेव्हिड बार्कर यांच्या हाती त्या वह्या लागल्या. १९११ ते १९३० मध्ये जन्मलेल्या साडेपाच हजारांहून अधिक पुरुषांचा माग काढून त्यांनी १९८९ साली निष्कर्ष मांडला. वर्षाचे असताना ज्यांचे वजन १८ पौंड किंवा कमी होते, त्यांच्यात हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण, २७ पौंड किंवा अधिक भरलेल्यांच्या अडीचपटींहून जास्त होते!

असे का व्हावे? पगार तुटपुंजा असला की गृहस्थ मुलांची फी आधी भरतो आणि बाकीच्या खर्चाला कात्री लावतो. गर्भही तसेच करतो. मिळेल ते अन्न आधी मेंदूला. मग स्नायू, यकृत, साखरेचा बंदोबस्त ठेवणारे स्वादुपिंड यांच्या वाट्याला जे उरेल ते. मूत्रपिंडातल्या गाळण्यांची संख्या तर जन्मापूर्वीच ठरते, पुढे वाढत नाही. अशा काटकसरीने बांधलेल्या देहावर पुढे सुबत्तेचा भार पडला, की तो वाकतो.

‘हे रानातल्या गरिबांचे’ असे म्हणून पान उलटू नका. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि बाळांचा अभ्यास १९९३ पासून केला. तिथले बाळ सरासरी २.७ किलोचे, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचे ३.५ किलोचे. पण आपल्या बाळात कमी होते ते स्नायू आणि अवयव. चरबी मात्र जवळजवळ गोऱ्या बाळाइतकीच! वरून किडकिडीत आणि आतून मेदवान असे हे बाळ आहे, आणि मधुमेहाची पूर्वतयारी ते पाळण्यातच करून बसलेले असते. शिवाय गरोदरपणी पालेभाज्या, फळे आणि दूध ज्या मातांच्या खाण्यात वरचेवर होते, त्यांची बाळे अंगाने अधिक भरलेली निघाली. दिल्लीत १९६९ ते १९७२ या काळात जन्मलेल्या मुलांचाही असाच माग ठेवण्यात आला होता. त्यावरून २००४ मध्ये दिसून आले, की पहिल्या दोन वर्षांत कृश राहून नंतर बारा वर्षांपर्यंत भराभर अंग धरणाऱ्या मुलांना तरुणपणीच मधुमेह गाठतो.

म्हणजे आपला क्रमच उलटा आहे. जेव्हा घालायला हवे तेव्हा कमी पडते, आणि पुढे शाळेच्या डब्यात वेफर्स व बिस्किटे घालून आपण त्याची भरपाई करू पाहतो.

गर्भाचे नऊ महिने आणि नंतरची दोन वर्षे मिळून सुमारे हजार दिवस होतात. ते सांभाळायला खर्चिक डबे नकोत. जन्मल्याबरोबर, पहिल्या तासातच बाळाला आईजवळ घ्यावे. पहिले पिवळसर घट्ट दूध टाकून देऊ नये, रोगप्रतिकाराची ती पहिली शिदोरी आहे. सहा महिने आईच्या दुधाखेरीज मध, बाळगुटी, वरचे पाणी काही नको. सहाव्या महिन्यात उष्टावण करण्याची आपली जुनी रीत येथे आजच्या डॉक्टरांशी तंतोतंत जुळते. मात्र उष्टावणाची खीर चाटवली आणि फोटो काढला, म्हणजे काम संपले असे नव्हे. रोज मऊ खिमट, तूप घातलेला वरणभात, नाचणीचे सत्त्व, कुस्करलेले केळे, चालत असेल तेथे अंडे, असे सुरू करावे. वरणाचे नुसते वरचे पाणी पाजू नये. त्याने इवलेसे पोट भरते, अंगी काही लागत नाही. पोट लहान, म्हणून घास घट्टसर आणि वेळा जास्त. आईचे दूध दोन वर्षे वा त्याहून पुढेही चालू ठेवावे. बशीतल्या चहात बुडवलेले बिस्किट हा शहरी आणि खेडवळ अशा दोन्ही घरांचा लाडका आहार. तो मात्र कटाक्षाने टाळावा.

आणि या सगळ्याच्या आधी आईचे ताट. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांसाठी ‘अमृत आहार’ योजना आखली. तिचे मर्म एवढेच, की बाळाला खाऊ घालायचे तर आधी त्याच्या आईला एक वेळचे पुरते जेवण वाढावे. भामरागडच्या बाईला ते मिळते की नाही हे पाहणे शासनाचे काम आहे, आणि शासनाला त्याचा जाब विचारणे आपले. पण आपल्या घरातले काय? सगळ्यांची पाने वाढून झाल्यावर उरलेली भाजी पुसून घेणारी गृहिणी अजून सुशिक्षित घरांतूनही आहे. सून गरोदर झाली की डोहाळजेवण थाटाचे होते. रोजच्या जेवणात मात्र पालेभाजीची शेवटची पळी तिला पुरत नाही. आणि आपल्याकडे धुणीभांडी करायला येणारी बाई दिवस गेलेली असेल, तर ती सकाळपासून काय खाऊन आली आहे, हे आपण कधी विचारतो?

दिवाळीच्या फराळाची ताटे भरताना या दोघींना आठवावे. लाडू-करंजीच्या शेजारी एखादी वाटी उसळ, एखादे फळ, पेलाभर दूध, आणि सर्वांच्या शेवटी नव्हे, सर्वांच्या बरोबर. दिवाळी संपल्यावरही, रोज.