ब्रुगाडा: अ‍ॅब्लेशननंतर ईसीजी का बदलतो?

आजार कोणता

ब्रुगाडा सिंड्रोम हा घराण्यात उतरणारा, हृदयाच्या ठोक्यांचा विकार. मूळचे स्पेनचे पेद्रो आणि जोसेप ब्रुगाडा या भावांनी १९९२ मध्ये आठ रुग्णांवरून तो जगापुढे मांडला. इकोत हृदय बहुधा धडधाकट दिसतं. ठोके बिघडतात ते बरेचदा झोपेत, नाहीतर अंगात ताप असताना. घरातला तरणाताठा माणूस रात्री जेवून झोपला आणि सकाळी उठलाच नाही, असं घडलं असेल तर ‘झोपेत अटॅक आला’ म्हणून विषय मिटवू नका.

अ‍ॅब्लेशन कुणाला

धोका जास्त असलेल्यांना आधी आयसीडी बसवतात. ठोके जीवघेणे झाले की ते यंत्र शॉक देतं. काहींना मात्र शॉकवर शॉक बसतात. बँकॉकचे डॉ. कूनलावी नादेमनी यांनी २०११ मध्ये अशा ९ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. हृदयाच्या खालच्या उजव्या कप्प्याच्या वरच्या भागात, बाहेरच्या पृष्ठभागावर दोषी जागा शोधून ती त्यांनी कॅथेटरने जाळली; हेच अ‍ॅब्लेशन. ९ पैकी ८ जणांचा ईसीजी सुधारला. वऱ्हाडातला रुग्ण यासाठी सहसा नागपूर, पुणे किंवा मुंबई गाठतो. पुढचे ईसीजी मात्र अमरावती-अकोल्यातच निघतात. म्हणून हे बदल घरच्यांनाही माहीत हवेत.

पट्टीवर काय दिसतं

उपचाराआधी व्ही-वन, व्ही-टू लीडमध्ये रेघ २ मिलिमीटर किंवा जास्त वर चढते आणि तिरकी खाली घसरते. अ‍ॅब्लेशननंतर ती लगेच सरळ होईलच असं नाही. पहिल्या काही दिवसांत ती आणखी वर गेलेलीही दिसते, कारण हृदयाच्या आवरणाला सूज असते. दीर्घ श्वास घेताना छातीत दुखतं तेही बहुधा यामुळेच. तरी डॉक्टरांना कळवायचंच. रेघ निवळायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात.

इथे एक बारकावा फार मोलाचा आहे. व्ही-वन, व्ही-टूच्या चकत्या नेहमी चौथ्या फासळीखालच्या जागेत लावतात. ब्रुगाडाची खूण कधी कधी दुसऱ्या-तिसऱ्या जागेतच सापडते. चकत्या कुठे लावल्या होत्या, ते पट्टीवर लिहून घ्या. नाहीतर जुन्या-नव्या पट्ट्यांची तुलनाच चुकते.

ताप आला तर

साधा ईसीजी नॉर्मल आला म्हणजे आजार गेला असं नव्हे. तापात तीच रेघ पुन्हा उमटू शकते. पावसाळ्यानंतर डेंग्यू-मलेरियाचे दिवस आले की जास्त जपायला हवं. ताप अंगावर काढू नका, पॅरासिटामॉल लगेच घ्या. ताप हटत नसेल तर अमरावतीचं इर्विन असो की अकोल्याचं सर्वोपचार, अंगात ताप असतानाच ईसीजी काढायला सांगा आणि अ‍ॅब्लेशननंतरची पट्टी मोबाइलमध्ये दाखवा. भोवळ आली, शुद्ध हरपली किंवा शॉक बसला तर १०८ ला फोन करा. उन्हाळ्यात जुलाब-उलट्यांनी पोटॅशियम उतरतं, तेही धोक्याचं. कोणतंही नवं औषध किंवा भूल घेण्यापूर्वी आजाराचं नाव सांगा. अ‍ॅब्लेशन झालं म्हणून आयसीडी काढून टाकत नाहीत.

घरच्यांचं काय

अ‍ॅब्लेशनने जनुक बदलत नाही. सदोष जनुक असेल तर ते प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी. एससीएन५ए या जनुकातला दोष मात्र साधारण पाचांतल्या एकाच रुग्णात सापडतो. तेव्हा जनुक-तपासणीत काही निघालं नाही, तरी आईवडील, भावंडं आणि मुलांचा ईसीजी काढावाच, आणि तो नॉर्मल आला तरी तापात पुन्हा काढावा.