खोली दहा फुटांची, पडदा सात फुटांचा

आपल्या खडेबाजारातली जुनी घरं कशी असतात, ते इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. खाली दुकान, वर बिऱ्हाड. रस्त्याकडची रुंदी बेताची आणि आत एकामागून एक खोल्या. भिंती शेजाऱ्याशी सामाईक. जिना लाकडी आणि इतका अरुंद, की कपाट वर चढवायचं म्हणजे चार माणसं अन् दोन तासांची आरडाओरड! अशा घरात भिंतभर सिनेमा बघायची गोष्ट काढली, तर ऐकणारा हसेल. पण ‘शॉर्ट थ्रो’ नावाचे जे प्रोजेक्टर हल्ली मिळतात, ते नेमके अशाच घरांच्या उपयोगाचे आहेत. आमच्याकडे असा एक प्रोजेक्टर येऊन वर्ष उलटलं. ओळखीपाळखीच्या बायका त्याबद्दल सारख्या विचारतात, म्हणून म्हटलं, एकदा सविस्तर लिहूनच टाकावं.

आमचं घर दोन भाषांचं. माझं माहेर निपाणीचं, बोली मराठी. सासूबाई गोकाककडच्या, त्यामुळे स्वयंपाकघरात कन्नड आणि दुकानात मराठी, असा कारभार. मुलं दोन्ही भाषा बोलतात आणि भांडताना दोन्ही एकदम वापरतात. पण गेल्या काही वर्षांत घरातला आवाजच कमी झाला होता. मुलगी कानात बोंडं घालून एका कोपऱ्यात, मुलगा मोबाईल घेऊन दुसऱ्या, हे हिशेब आटोपले की बातम्या बघत तिसऱ्या. सासूबाई एकट्याच टीव्हीसमोर. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, गुडघे धरलेले, त्यामुळे थिएटरच्या पायऱ्या चढणं बंद. ग्लोब, चित्रा, प्रकाश ही नावं निघाली, की त्यांच्या आठवणी सुरू होतात. पण त्या ऐकायला समोर कुणी बसलेलं नसे. मोठा पडदा घ्यायचा विचार निघाला तो यातून.

टीव्ही का नाही?

पहिला विचार अर्थातच मोठ्या टीव्हीचा. पण 75 इंची टीव्ही जवळजवळ साडेपाच फूट रुंद असतो आणि त्याचं खोकं त्याहून मोठं. आमच्या जिन्याच्या वळणावर ते फिरणारच नाही, हे सुताराने टेप लावून सांगितलं. प्रोजेक्टर मात्र कुशीत धरून वर नेता येतो.

भिंतीवर उजेडाची चित्रं पाडणं आपल्याकडे नवंही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला कल्याणच्या पटवर्धन मंडळींनी ‘शांबरिक खरोलिका’ नावाने काचेवरच्या रंगीत चित्रांचे खेळ केले होते. दिवा, भिंग आणि पडदा ही तीन माणसं तेव्हाही तीच होती, आजही तीच आहेत. बदललं आहे ते दिवा आणि पडदा यांच्यातलं अंतर.

आधी टेप, मग दुकान

प्रत्येक प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात ‘थ्रो रेशो’ नावाचा आकडा असतो. चित्राच्या रुंदीला त्या आकड्याने गुणलं, की भिंग पडद्यापासून किती लांब ठेवायचं ते कळतं. गणित चौथीतलं आहे.

समजा, 100 इंची चित्र हवं आहे. हे इंच तिरके मोजतात. प्रत्यक्षात रुंदी सुमारे सव्वासात फूट आणि उंची चार फूट भरते. साध्या प्रोजेक्टरचा आकडा दीडच्या आसपास असतो, म्हणजे अंतर हवं जवळजवळ अकरा फूट. आमची खोलीच दहा फुटांची! शिवाय तो प्रोजेक्टर बसणाऱ्यांच्या मागे जातो आणि पाण्याला उठलेल्या प्रत्येक माणसाची सावली नायकाच्या तोंडावर पडते. शॉर्ट थ्रोचा आकडा साधारण 0.4 ते 1 असतो. 0.5 धरला, तर त्याच चित्राला पावणेचार फूट पुरतात. प्रोजेक्टर पुढे, माणसं मागे, सावलीचा प्रश्न मिटला. तिसरा प्रकार ‘अल्ट्रा शॉर्ट थ्रो’. त्याचा आकडा 0.4 च्या खाली असतो आणि तो भिंतीलगतच्या बुटक्या टेबलावर बसतो. दिसायला देखणा, पण किंमत बहुधा शॉर्ट थ्रोच्या कितीतरी पट.

तेव्हा दुकानात जाण्याआधी तीन मापं कागदावर लिहा: मोकळ्या भिंतीची रुंदी, खोलीची खोली आणि बसणाऱ्यांचं भिंतीपासूनचं अंतर. आम्ही मापं घेतली आणि 100 इंचांचा हट्ट सोडून 90 इंचांवर आलो, कारण दाराची चौकट मध्ये येत होती.

उजेडाचा हिशेब

उजेड ‘ल्युमेन’मध्ये मोजतात. खोक्यावर मोठ्या अक्षरात काहीही छापलेलं असतं, आपण ‘एएनएसआय’ किंवा ‘आयएसओ’ ल्युमेनचा आकडा विचारायचा. तो सांगता येत नसेल, तर ती वस्तू सोडून द्यावी. पूर्ण अंधारात 100 इंची चित्राला 500 खरे ल्युमेनही चालून जातात. एखादा दिवा लावून बघायचं असेल, तर 2000 किंवा त्याहून जास्त हवेत. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा. 100 इंचांवरून 80 वर आलात, तर तोच उजेड लहान जागेत मावतो आणि दीडपट दाट होतो.

प्रोजेक्टरला काळा रंग पाडता येत नाही. काळं म्हणजे जिथे उजेड पडला नाही ती भिंत. खोलीत ट्यूबलाईट चालू असली, तर ते काळं राखाडी होतं. ‘कांतारा’ (2022) मधली रात्रीची भूतकोलाची दृश्यं आठवा. दिवा लावून ती बघितली, तर अर्धी अंधारात हरवतात. त्यामुळे प्रोजेक्टरच्या आधी पडद्याच्या जाड कापडाचा खर्च धरावा. ते कापड तरी आपल्या बाजारात हवं तितकं मिळतं!

आम्ही पहिल्यांदा जिथे चौकशी केली, तिथे काळोख्या खोलीत पाच मिनिटांची झगमगती चित्रफीत दाखवली. यांनी दिवा लावायला सांगितला, तर विक्रेत्याचा चेहरा उतरला. तुम्हीही दिवा लावायला सांगा. घरातलाच एखादा सिनेमा पेनड्राइव्हवर न्या आणि त्यातला रात्रीचा प्रसंग बघा. काही प्रोजेक्टरवर मान हलवली, की काही जणांना रंगांच्या रेषा चमकलेल्या दिसतात. एका चिपवर चालणाऱ्या डीएलपी प्रकारात हे होतं. सगळ्यांना दिसत नाही, म्हणून घरातल्या दोघा-तिघांनी तरी बघून यावं.

‘फोर-के सपोर्टेड’ या शब्दांनाही भुलू नका. याचा अर्थ यंत्र ते चित्र आत घेतं, एवढाच. बाहेर किती बारकाईने पाडतं, ते ‘नेटिव्ह’ आकड्यावरून कळतं. घरच्या सिनेमाला तो निदान 1920 बाय 1080 असावा.

भिंत खरी की खोटी?

जवळून टाकलेला उजेड भिंतीवर तिरका येतो आणि तिची सगळी लपवाछपवी उघडी पाडतो. चुन्याच्या जुन्या गिलाव्यातले फुगवटे आपल्याला एरवी दिसत नाहीत. परीक्षा सोपी आहे. रात्री दिवे घालवून मोबाईलची बॅटरी भिंतीला टेकवून आडवी धरा. जिथे सावल्या उमटतील, तिथे सिनेमातल्या सरळ रेषाही वाकड्या दिसतील. शॉर्ट थ्रोला घासून सपाट केलेली, चमक नसलेल्या पांढऱ्या रंगाची भिंत चालते. अल्ट्रा शॉर्ट थ्रोला मात्र चौकटीत ताणलेला पडदाच घ्यावा. वरून येणारा ट्यूबचा उजेड गिळणारे खास पडदे त्याच्यासाठी मिळतात. ते दुसऱ्या प्रकाराला लावू नयेत.

आमच्या घराला छत म्हणजे तुळया आणि फळ्या. माळ्यावर कुणी चाललं, की छताला टांगलेला प्रोजेक्टर हलणार आणि चित्र नाचणार. म्हणून आम्ही तो बुटक्या, जड टेबलावर ठेवला. ठेवताना तो भिंतीशी काटकोनात असावा. वाकडा ठेवून ‘कीस्टोन’ने चित्र सरळ करता येतं, पण त्यात चित्राचा काही भाग वाया जातो आणि बारकाई कमी होते.

घरात लहान मूल असेल, तर एक सावधगिरी हवीच. भिंगात वाकून बघायची सवय मुलांना लागू देऊ नका. तो उजेड डोळ्यांना घातक आहे. काही यंत्रांत जवळ कुणी आलं, की उजेड आपोआप मंद होतो. ती सोय आहे का, ते विचारून घ्या.

दिवा, वीज आणि पावसाळा

जुन्या पद्धतीच्या दिव्याचे प्रोजेक्टर स्वस्त पडतात, पण दिवा काही हजार तासांनी बदलावा लागतो. एलईडी आणि लेझर सुमारे 20,000 तासांपर्यंत चालतात. रोज तीन तास धरले, तरी अठरा वर्षं! दिव्याचा घेतलात, तर नव्या दिव्याची किंमत आधीच विचारा. त्याला दुसरीही एक खोड आहे. वीज गेली, की पंखा बंद पडतो आणि तापलेला दिवा तसाच राहतो. हेस्कॉमचा भरवसा किती धरायचा, हे ज्याने त्याने ठरवावं, पण इन्व्हर्टरवर जोडलेलं बरं. घरगुती प्रोजेक्टर साधारण 100 ते 350 वॅट घेतो.

आपल्याकडचा पावसाळा भिंगाला बाधतो. जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा तरी यंत्र तासभर चालू ठेवावं आणि हवेची जाळी महिन्याला झटकावी. अंगावर प्लॅस्टिक गुंडाळून ठेवू नये. आत ओल धरते.

आवाजासाठी वेगळा स्पीकर लागतोच. तो चित्राखाली ठेवा, म्हणजे बोलणं तोंडातून आल्यासारखं वाटतं. शक्यतो वायरने जोडा. ब्लूटूथवर कधी कधी ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. आणि सामाईक भिंतीपलीकडचे शेजारीही माणसंच आहेत, हे रात्री दहानंतर विसरू नये.

कोल्हापूर की बेळगाव?

सीमेवरच्या माणसाला हा प्रश्न पडतोच. 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यापासून कराचा दर दोन्ही राज्यांत एकच आहे. प्रोजेक्टरवरचा कर 22 सप्टेंबर 2025 पासून 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला, तोही दोन्हीकडे सारखाच. म्हणजे करासाठी घाट उतरायला नको. बघायचं ते एवढंच, की बिघडल्यावर दुरुस्ती कुठे होते. बेळगावात, हुबळीत, कोल्हापुरात की थेट बेंगळूरला पाठवायचं? हे बिलावर लिहून घ्या.

आणखी एक. गल्लीत मंडप घालून सगळ्यांना सिनेमा दाखवायचा मोह होतो. घरापुरती वर्गणी भरलेल्या सेवेवरचा किंवा विकत घेतलेला सिनेमा असा जाहीर दाखवायला हक्कधारकांची परवानगी लागते. घरचा आनंद घरात ठेवावा.

दोन भाषा, एक भिंत

आमच्याकडे आता नियम झाला आहे. शनिवारी रात्री एक सिनेमा, एका आठवड्यात कन्नड, दुसऱ्यात मराठी. सासूबाईंसाठी बी. आर. पंतुलूंचा ‘कित्तूर चेन्नम्मा’ (1961) लावला. कित्तूर आपल्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे मध्येच थांबवून मुलांनी अज्जीला शंभर प्रश्न विचारले. ‘सैराट’ (2016) आणि त्याचा कन्नड अवतार ‘मनसु मल्लिगे’ (2017) असे दोन्ही लागोपाठ बघितले. नायिका दोन्हीत रिंकू राजगुरूच. कुठला बरा, यावर जेवणापर्यंत वाद चालला. सौंदत्तीच्या यल्लम्माची परंपरा ठाऊक असलेल्या घरात ‘जोगवा’ (2009) बघणं ही तर वेगळीच गोष्ट. त्या रात्री सासूबाई कितीतरी वेळ बोलत होत्या आणि मुलगी ऐकत होती.

उपशीर्षकं बहुतेक ठिकाणी इंग्रजीत असतात, पण नव्वद इंचांवर ती ठसठशीत येतात. मुलगा ती वाचून अज्जीला कन्नडमध्ये सांगतो. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी निकाल दिला होता, “ईग छलो काणस्तैति.”

मोबाईल सुटले का? नाही. रविवारी सकाळी सगळे पुन्हा आपापल्या कोपऱ्यात असतात. जुना टीव्हीही काढलेला नाही. रोजच्या मालिकांना आणि बातम्यांना तोच बरा, त्यासाठी खोली काळोखी करायला नको. तुमच्या खोलीत दिवसभर लख्ख ऊन येत असेल आणि बघणं दुपारचंच असेल, तर माझ्या मते तुम्ही प्रोजेक्टरच्या फंदात पडूच नका.

पण घर लहान असेल, जिना अरुंद असेल आणि आठवड्यातून एक संध्याकाळ सगळ्यांनी एका दिशेला तोंड करून बसावं असं वाटत असेल, तर सणासुदीच्या सवलती सुरू व्हायच्या आधी एक काम करा. सुताराकडून टेप मागून आणा आणि भिंत मोजा.